बॅटरीची वही

किल्ली फिरवल्यावर इंजिन जागे होण्याऐवजी बॉनेटखालून टक्‌ टक्‌ टक्‌ असा कोरडा आवाज येऊ लागला की मोटारीविषयी काहीही न कळणाऱ्या माणसालासुद्धा काय झाले आहे ते कळते. मी तो आवाज प्रथम ऐकला तो पहाटे साडेचार वाजता. बहिणीला सव्वापाचच्या रेल्वेने जायचे होते, तिचे सामान डिकीत ठेवून झाले होते आणि मी सेल्फ मारत होते. पाच वेळा मारला आणि प्रत्येक वेळी समोरचे दिवे आणखी मंद झाले. बहिणीची रेल्वे चुकली. तिने एका शब्दानेही मला दोष दिला नाही, पण त्या दिवसाचा सल माझ्या मनात राहिला, आणि दुपारीच मी जाऊन नवी बॅटरी बसवून घेतली. बॅटरी गेली होती, बदलली, विषय संपला, अशी माझी समजूत होती. पाच आठवड्यांनी, दोन दिवस गाडी जागची न हलल्यानंतर, नव्या बॅटरीनेही तोच आवाज काढला.

हा आवाज काय सांगतो ते मला पुढे समजले. किल्ली फिरवली की आधी सोलेनॉइड नावाचा विजेवर चालणारा खटका ओढला जातो आणि मग स्टार्टर मोटारीकडे मोठा प्रवाह धावतो. लहान पेट्रोल गाडीतही तो शंभर ते दोनशे अँपिअर असतो, डिझेल गाडीत त्याहून बराच जास्त. उतरलेल्या बॅटरीला एवढी मागणी झेपत नाही, तिचा दाब (व्होल्टेज) कोसळतो, खटका सुटतो. खटका सुटताच मागणी थांबते, दाब किंचित सावरतो, खटका पुन्हा ओढला जातो आणि पुन्हा सुटतो. म्हणजे तो टक्‌ टक्‌ आवाज हा बॅटरीने पुन्हा पुन्हा केलेल्या प्रयत्नांचा असतो. हे कळल्यापासून त्या आवाजाचा मला राग येत नाही, उलट आपणच तिच्याकडे काहीतरी न देता मागत होतो याची जाणीव होते.

दुसऱ्या वेळी मी ज्या मेकॅनिककाकांना बोलावले, त्यांनी बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला. "ताई, बॅटरी बदललीत ते ठीक, पण पहिली उतरत कशामुळे होती, ते कुणी पाहिलं का?" कुणीही पाहिले नव्हते. मलाही ते पाहायचे असते हे ठाऊक नव्हते.

त्यानंतरचा पाऊण तास मी त्यांच्याजवळ उभी राहून जे पाहिले, त्याने या विषयाकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली. त्यांनी सगळे दरवाजे लावले, बॅटरीच्या ऋण टर्मिनलची वायर सोडवली आणि त्या वायरीच्या व टर्मिनलच्या मधोमध मल्टीमीटर जोडला, म्हणजे बंद गाडीत जाणारा सगळा प्रवाह त्या मीटरमधूनच जाईल. मग ते स्वस्थ बसले. आजच्या गाडीतील निरनिराळे इलेक्ट्रॉनिक भाग किल्ली काढल्याबरोबर झोपत नाहीत, त्यांना कधी वीस मिनिटे लागतात, कधी त्याहून जास्त, आणि तेवढे थांबल्याशिवाय घेतलेले माप फसवे असते. (मीटर असा जोडलेला असताना चुकूनही किल्ली फिरवू नये, मीटरचा फ्यूज तत्क्षणी उडतो.) बहुतेक गाड्यांत हा निष्क्रिय वापर ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. घड्याळ, कुलपाचा रिसीव्हर, अलार्म यांना तेवढे पुरते. माझ्या गाडीत मीटर ४५० दाखवत होता.

काका एकेक फ्यूज काढून मीटरकडे पाहत गेले. आतल्या दिव्यांचा फ्यूज काढताच आकडा ३० वर आला. आतले दिवे तर विझलेले दिसत होते. तेव्हा त्यांनी माझा फोन मागितला, त्यावर व्हिडिओ सुरू केला, तो डिकीत ठेवला आणि डिकी बंद केली. मिनिटभराने फोन काढून पाहिला, तर बंद डिकीत दिवा लख्ख पेटलेला होता. कुलपाजवळचा छोटा स्विच झिजला होता. पाच वॅटचा तो दिवा किती महिने दिवसरात्र जळत होता कोण जाणे.

हिशेब सरळ आहे आणि तो मी त्या रात्री कागदावर मांडून पाहिला. पाच वॅटचा दिवा बारा व्होल्टवर सुमारे ०.४२ अँपिअर घेतो, म्हणजे चोवीस तासांत दहा अँपिअर-तास. माझी बॅटरी होती ४५ अँपिअर-तासांची. रोज गाडी थोडी फिरत होती तोवर गेलेले थोडेबहुत परत येत होते, पण माझा रोजचा प्रवास दहा-बारा मिनिटांचा, त्यात दिवे, पंखा, काच पुसण्याचे वायपर. बॅटरी कधीच पूर्ण भरत नव्हती. निर्दोष गाडीतसुद्धा ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, आणि अशी गाडी अडीच-तीन आठवडे उभी राहिली तर ४५ची बॅटरी निम्मी रिकामी होते. लांबच्या प्रवासाहून परतल्यावर गाडी सुरू न होणे हे त्यामुळे नवल नाही, अंकगणित आहे.

पण निम्मी रिकामी राहिली तर बिघडते काय, पुन्हा भरली की झाले, असे मला वाटे. बिघडते ते कसे, हे समजण्यासाठी आत डोकवावे लागते, आणि आत जे आहे ते खरोखर सुंदर आहे. काळ्या प्लॅस्टिकच्या पेटीत सहा स्वतंत्र घरे असतात. प्रत्येक घरात दोन प्रकारच्या पट्ट्या एकाआड एक, मध्ये सच्छिद्र पडदा, आणि सगळे सौम्य गंधकाम्लात बुडलेले. धन पट्टीवर शिशाच्या डायऑक्साइडचा तपकिरी लेप, ऋण पट्टीवर स्पंजासारखे भुसभुशीत राखाडी शिसे. वीज वापरली जात असताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि आम्लातले सल्फेट वेचले गेल्याने आम्ल पाण्याकडे झुकते. भरताना हेच सगळे उलटे होते. म्हणून जिला झाकणे आहेत अशा बॅटरीच्या आम्लाची घनता मोजली तरी ती किती भरली आहे ते कळते: पूर्ण भरलेली असेल तर साधारण १.२६ ते १.२८, अगदी उतरली असेल तर १.१२ च्या आसपास. प्रत्येक घराचा दाब २.१ व्होल्ट, सहांचा मिळून १२.६.

ही मांडणी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शोधली. त्याने शिशाचे दोन पत्रे मध्ये पडदा ठेवून गुंडाळले आणि आम्लात बुडवले. पुन्हा पुन्हा भरता येणारी ही पहिली बॅटरी. १८८१ मध्ये कामिय फोर याने पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली आणि ती कारखान्यात करता येण्याजोगी झाली. मोटारीत मात्र तिला आजचे काम मिळाले ते १९१२ साली, चार्ल्स केटरिंगने घडवलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला तेव्हा. तोवर समोर उभे राहून हँडल मारावे लागे आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडे. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन असतात, त्यामुळे त्याचे आतले इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात की त्यांना सापेक्षतेचे नियम लावावे लागतात. स्वीडन आणि फिनलंडमधील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये गणित करून दाखवले की एका घराच्या २.१ व्होल्टांपैकी १.७ ते १.८ व्होल्ट केवळ सापेक्षतेमुळे मिळतात. आपण रोज सकाळी किल्ली फिरवतो तेव्हा हे सगळे आपल्यासाठी घडत असते.

आता मूळ मुद्दा. ताजे तयार झालेले सल्फेट बारीक कणांचे असते आणि लगेच चार्जिंग मिळाले तर ते सहज विरघळते. बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट राहिली तर त्याच कणांचे मोठे, कठीण स्फटिक होतात आणि ते पुन्हा विरघळायला तयार होत नाहीत. तेवढी पट्टी कायमची निकामी. गाडीच्या बॅटरीच्या पट्ट्या क्षणभरात मोठा प्रवाह देता यावा म्हणून मुद्दाम पातळ आणि पुष्कळ केलेल्या असतात. पूर्ण रिकामे होणे हे त्यांचे कामच नव्हे. थोडे द्यायचे आणि लगेच भरून घ्यायचे, असा तिचा स्वभाव आहे. माझ्या पहिल्या बॅटरीला डिकीतल्या दिव्याने महिनोन्‌महिने तो स्वभाव सोडायला लावला होता. ती वाईट नव्हती. मी तिला टाकून दिली, आणि तिच्या जागी आलेलीलाही त्याच वाटेने पाठवत होते, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून विश्वासार्ह बॅटरी कोणती, असे कुणी विचारले तर मी आधी गाडीविषयी विचारते. अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारे जनित्र, नीट भरतो का, बंद गाडीत काही गळते का, रोजचा प्रवास किती मिनिटांचा. या तीन प्रश्नांची उत्तरे न घेता जास्त क्षमतेची बॅटरी बसवणे म्हणजे गळक्या टाकीला मोठी टाकी हा उपाय. माझ्या गाडीत ४५ ऐवजी ६० अँपिअर-तासांची बसवली असती, तर ती दीड दिवस उशिरा उतरली असती, इतकेच.

तरीही निवड करावी लागतेच, आणि त्यासाठी लेबल वाचता आले पाहिजे. अँपिअर-तास हा आकडा वीस तासांच्या मापाने काढलेला असतो. ४५ म्हणजे २.२५ अँपिअर वीस तास. त्यावरून ती थंड सकाळी इंजिन फिरवेल का ते कळत नाही. त्यासाठी सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) हा आकडा पाहायचा. अमेरिकेच्या एसएई मानकानुसार उणे १८ अंश सेल्सिअसला तीस सेकंद सतत देता येईल आणि दाब ७.२ व्होल्टच्या खाली जाणार नाही, एवढा तो प्रवाह. युरोपच्या आणि जपानच्या मानकांत चाचणीची रीत वेगळी असल्याने एकीवरचा आकडा दुसरीशी ताडून पाहणे व्यर्थ. दोन लेबलांवर एकच मानक असेल तरच तुलना करावी. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापेक्षा कमी कधी घेऊ नये, थोडा जास्त चालतो. त्याशिवाय पेटीचे माप, खाली बसणारी पकड आणि टर्मिनल डावीकडे की उजवीकडे हेही जुळायला हवे. धन टर्मिनल ऋणापेक्षा किंचित जाड असते ते अदलाबदल होऊ नये म्हणूनच, पण बाजू उलटी असलेली बॅटरी आणून वायर ताणून बसवण्याचा हट्ट करणारे मी पाहिले आहेत. तो हट्ट धोक्याचा आहे.

सिग्नलला थांबल्यावर आपोआप बंद होणारे इंजिन ज्या गाडीत आहे, तिला साधी बॅटरी देऊ नये. अशा गाडीत एकाच फेरीत अनेकदा स्टार्टर फिरतो, म्हणून तिला ईएफबी (साध्या बॅटरीचाच जास्त दमदार प्रकार) किंवा एजीएम प्रकारची लागते. एजीएममध्ये आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेले असते, ती जास्त वेळा उतरणे-भरणे सोसते, मात्र जादा दाबाने भरलेले तिला सोसत नाही. म्हणून चार्जरवर तिच्यासाठी वेगळी सोय असेल तर तीच वापरावी. मूळ गाडीत एजीएम असेल तर पैसे वाचवण्यासाठी खालच्या प्रकारावर येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काही नव्या गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद संगणकालाही द्यावी लागते, नाहीतर तो जुनीच आहे असे समजून तिला चुकीच्या रीतीने भरत राहतो.

आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे तारीख. पट्ट्या आणि आम्ल एकत्र आले की बॅटरी वापरात नसतानाही आपोआप थोडी थोडी उतरते, उष्ण जागेत जास्त. फळीवर वर्षभर पडून राहिलेल्या बॅटरीत सल्फेट आधीच जमू लागलेले असते. मी वॉरंटीच्या महिन्यांपेक्षा निर्मितीची तारीख आधी पाहते, आणि बसवण्यापूर्वी मीटर लावून घेते. १२.६ च्या वर असेल तर घ्यावी, १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागावी. विक्रेत्याला याचा राग आला, असे मला आजवर आढळले नाही.

देखभालीत फारसे काही करायचे नसते. पकड घट्ट हवी, कारण हादऱ्यांनी पट्ट्यांवरचा लेप सुटून तळाशी साचतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी धरली तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून, कोरडे करून, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. झाकणाची बॅटरी असेल तर पट्ट्या नेहमी बुडालेल्या हव्यात, आणि वरून घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, आम्ल कधीही नाही, कारण उडून जाते ते पाणी, आम्ल आतच राहते. वायर काढताना ऋण आधी, जोडताना ऋण शेवटी. गाडीचे सगळे अंग ऋणाला जोडलेले असते, त्यामुळे धन बाजू सोडवताना पाना अंगाला टेकला आणि ऋण जोडलेलेच असले, तर पाना लाल होईपर्यंत तापू शकतो. भरत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. दुसऱ्या गाडीवरून वायर लावताना शेवटचे काळे टोक उतरलेल्या बॅटरीवर न लावता तिच्यापासून दूर इंजिनाच्या उघड्या धातूला लावायचे, ते याचसाठी. डोळ्यांवर चष्मा असावा. या बाबतीत मी कुणाचीही सबब ऐकून घेत नाही.

पूर्ण उतरलेली बॅटरी गाडी चालवून भरू, ही समजूतही सोडावी. अल्टरनेटर भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी आहे. रिकामीला पूर्ण करायला चार्जरवर सबंध रात्र लागते, आणि ती दिली पाहिजे.

उष्णतेविषयी मात्र थांबून सांगायला हवे. बॅटरी बहुतेकदा थंडीत दगा देते म्हणून आपण थंडीला दोष देतो. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातले तेल घट्ट होते, म्हणजे देणे घटते आणि मागणे वाढते, हे खरेच आहे. पण आयुष्य खाते ती उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढले की आतल्या क्रिया ढोबळ मानाने दुप्पट वेगाने होतात, त्यांत धन पट्टीची जाळी गंजण्याची क्रियाही आली. उन्हाळ्यात झालेली इजा थंडीच्या पहिल्या सकाळी उघड होते, एवढेच. म्हणून सावली मिळाली तर गाडी सावलीत लावावी, आणि इंजिनाजवळ बॅटरीला उष्णतेचे आवरण दिलेले असेल तर ते बॅटरी बदलताना काढून फेकू देऊ नये. जिथे खरीच कडाक्याची थंडी पडते तिथे भरलेली ठेवण्याला दुसरेही कारण आहे: पूर्ण भरलेल्या बॅटरीचे आम्ल उणे ५० अंशांतही गोठत नाही, उतरलेलीचे उणे दहाच्या आसपासच गोठू शकते आणि पेटी फुटते.

काकांनी त्या दिवशी डिकीचा स्विच बदलला, दुसरी बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली आणि जाताना सांगितले, "मीटर घ्या एक. महिन्यातून एकदा बघत जा." मी मीटर घेतला आणि एक छोटी वहीही. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, तीन आकडे लिहायचे. पहिला स्थिर दाब: १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे लगेच चार्जरवर. दुसरा आकडा सेल्फ मारताना दाब किती खाली जातो तो, मीटरवर किमान मूल्य धरून ठेवण्याची कळ असते. तिसरा इंजिन चालू असतानाचा, माझ्या गाडीत १४.२. काही नव्या गाड्यांत तो मुद्दाम कमीजास्त केला जातो, म्हणून आपल्या गाडीची नेहमीची सवय माहीत असणे महत्त्वाचे.

ती दुसरी बॅटरी, जिला मी पाच आठवड्यांत जवळजवळ मारले होते, साडेचार वर्षे चालली. शेवटच्या हिवाळ्यात वहीत काहीतरी वेगळे दिसू लागले. स्थिर दाब १२.५ च्या खाली उतरला नव्हता, तिसरा आकडाही जागच्या जागी होता, पण मधला १०.६ वरून १०.२, मग ९.८, मग ९.४ असा पायरीपायरीने उतरत होता. वरून भरलेली दिसणारी बॅटरी आतून प्रवाहाला जास्त अडथळा करू लागली होती, आणि ते केवळ स्थिर दाब पाहून कधीच कळले नसते. गाडी अजून पहिल्याच सेल्फला सुरू होत होती. तरी मी त्या आठवड्यात बॅटरी बदलली.

जुनी मी स्वतः उभी धरून, न कलंडवता, विक्रेत्याकडे परत नेली. तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसे असते, ते वितळवून पुन्हा नव्या पट्ट्या होतात, आणि ते योग्य कारखान्यात गेले नाही, उघड्यावर फोडून वितळवले गेले, तर आसपासच्या लहान मुलांच्या रक्तात उतरते. म्हणून ती कुठे जाते हे मी विचारले आणि पावती घेतली. नवीवर कागदाची पट्टी चिकटवून बसवल्याची तारीख घातली, डिकी बंद करून आत फोनचा व्हिडिओ लावून पाहिला, अंधार होता. वहीचे नवे पान काढले. १२.७, १०.९, १४.२.